रिकामी वाटी

गेल्या मे महिन्यात उपनगरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची व्हायवा घ्यायला एक्सटर्नल म्हणून गेलो होतो. चौघांच्या एका गटाने सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवणारं ॲप केलं होतं. टँकर किती वाजता आला, किती लिटर ओतले, बिल किती लावलं. विषय घरचाच, त्यामुळे पोरांनी मनापासून केलेलं दिसत होतं. टँकर नकाशावर सरकताना दाखवणारा भाग मात्र बाकीच्या ॲपपेक्षा फारच सफाईदार होता. मी ती फाइल उघडायला सांगितली. खाली सरकता सरकता मध्येच एक कॉमेंट जर्मन भाषेत आली.

"जर्मन कोणाला येतं तुमच्यात?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी लॅपटॉपसमोर बसलेला मुलगा म्हणाला, "सर, फाइल नेटवरून घेतलीय. वर वीसेक ओळी होत्या, कॉपीराइट वगैरे. त्या काढल्या."

"का?"

"कॉपी केलंय असं वाटलं असतं ना, सर."

मला हसू आवरेना. मूळ फाइल आम्ही तिथेच शोधली. त्या वीस ओळी म्हणजे एमआयटी लायसन्स होतं, अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाच्या नावाचं. त्यात म्हटलेलं थोडक्यात एवढंच: हा कोड घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा; फक्त या ओळी जागेवर राहू द्या, आणि काही बिघडलं तर आमच्या नावाने ओरडू नका. कॉपी करायची परवानगी देणारा कागदच पोराने कॉपी लपवायला फाडून टाकला होता.

त्याचा एकट्याचा दोष नाही. मुंबईत लायसन्स हा शब्द आपण वेगळ्याच अर्थाने शिकतो. आरटीओचं लायसन्स, फेरीवाल्याचं लायसन्स, दुकानाचं लायसन्स. वरच्याने खालच्याला द्यायची ती चीज; तिच्यासाठी अर्ज, रांग, एजंट, मुदत संपली की पुन्हा रांग. कोडच्या माथ्यावर तोच शब्द दिसला की 'आत येऊ नये' अशी पाटी वाचल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात कायदा अगदी उलटा चालतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कंप्यूटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त घेतला गेला. म्हणजे टँकरच्या त्या ॲपमधल्या चारशे ओळी आणि एखादा कवितासंग्रह हे कायद्याच्या एकाच फळीवर बसतात. हक्क लिहिता क्षणी लागतो, नोंदणी लागत नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. तेव्हा ज्या कोडवर काहीच लिहिलेलं नाही तो कोड मोकळा नसतो, बंद असतो. कुलूप कायद्याने आधीच घातलंय. लायसन्स ही किल्ली.

हे एवढ्यासाठी सांगतोय, की प्रोग्रॅमर लोक एकमेकांना कोड वाटतात याचं आपल्याकडे फार भाबडं कौतुक चालतं. ज्ञानदान, मोठं मन, समाजसेवा. मी पंचवीसेक वर्षं याच धंद्यात आहे, मोठ्या मनाची माणसं भेटली आहेत, पण मोठ्या मनावर एवढा डोलारा उभा राहत नाही. वाटायची सवय टिकली ती कुणीतरी वाटायची अट कागदावर लिहून ठेवली म्हणून. आणि म्हणूनच जनतेच्या पैशातून जो कोड लिहिला जातो त्याच्यावरही तीच अट हवी, असं माझं म्हणणं आहे. त्याकडे येतोच.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. शेजारून वाटीभर आमटी आली तर ती वाटी रिकामी परत जात नसे. घरात द्यायला काहीच नसेल तर आई तळाला चिमूटभर साखर घालायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. गरजच नव्हती, एका मजल्यावर बारा बिऱ्हाडं, एक गॅलरी, कोणाकडून वाटी रिकामी आली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

पन्नास-साठच्या दशकात कोडचंही असंच होतं. आयबीएमची यंत्रं वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत एक मंडळ काढलं, त्याचं नावच 'शेअर'. प्रोग्रॅम टेपवर घालून एकमेकांना पाठवायचे. पैसे यंत्राचे, सॉफ्टवेअर त्यासोबत आलेलं. मग १९६९ च्या जूनमध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावणार असं जाहीर केलं. १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून तुम्ही आमचं बेसिक हे सॉफ्टवेअर चोरता म्हणून खडसावलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या कायद्यानेही प्रोग्रॅमवरचा कॉपीराइट स्पष्ट केला. चाळ पाडून टॉवर उभा राहत होता. आणि टॉवरमध्ये वाट्या फिरत नाहीत. तिथे शेजारी कोण हेच माहीत नसतं. तिथे बाय-लॉज लागतात.

ते बाय-लॉज एमआयटीतला प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन याने लिहिले. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा कोड हाताशी असल्याने त्यांनी त्यात एक सोय केली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा. नव्याचा कोड नव्हता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे आहे कळलं म्हणून हा मागायला गेला, तर त्याने गुप्ततेचा करार केलेला, नाही म्हणाला. ही गोष्ट संगणकवाल्यांच्या कीर्तनात कायम असते. मला तिच्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जेम्स गॉसलिंगने ईमॅक्स या एडिटरची स्वतःची आवृत्ती लिहिली होती, ती लोकांत फिरत होती. स्टॉलमनने आपल्या ईमॅक्समध्ये तिचा काही भाग घेतला. मध्यंतरी गॉसलिंगने ती एका कंपनीला विकली, आणि त्या कंपनीने स्टॉलमनला तो कोड वाटू नका म्हणून कळवलं. त्याला तो भाग काढून पुन्हा लिहावा लागला. तोंडी 'घे रे' म्हटलेलं असतं त्याची किंमत मालक बदलला की शून्य होते, हे तिथे उघडं पडलं. पागडीच्या खोलीत राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग त्याने जे केलं त्यात वकिली डोकं आहे. कोड सार्वजनिक करून सोडून दिला असता तर कोणीही उचलून, थोडा बदलून, कुलूप लावून विकला असता. त्याऐवजी त्याने कॉपीराइट स्वतःकडे ठेवला आणि त्याच हक्काच्या जोरावर अट घातली: घ्या, बदला, वाटा, विका, पण पुढे ज्याला द्याल त्याला सोर्स कोडसकट (म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणाऱ्या मूळ ओळींसकट) आणि याच अटींवर द्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसा कॉपीराइटचाच दांडा काढून कॉपीराइटवर घाव घातला. या युक्तीला कॉपीलेफ्ट म्हणतात. १९८९ च्या फेब्रुवारीत या अटींचं लायसन्स जीपीएल, त्याची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये दुसरी, २००७ मध्ये तिसरी. (माणूस म्हणून स्टॉलमन अवघड आहे. २०१९ मध्ये वादातून त्याने एमआयटीही सोडली आणि स्वतः काढलेल्या संस्थेचं अध्यक्षपदही. पण बाय-लॉज लिहिणारा सेक्रेटरी सगळ्यांचा लाडका असतो असं कुठे आहे?)

वाटीचा दाखला इथे एका ठिकाणी लंगडा पडतो, ते कबूल केलं पाहिजे. जीपीएल वाटी देणाऱ्याला परत मागत नाही. घरी बसून तुम्ही कोडमध्ये हवे ते बदल करा आणि कोणालाही काही देऊ नका, काही हरकत नाही. पण तुम्ही ती आमटी पुढच्या घरी पाठवलीत, की कृतीसकट पाठवायची. कर्ज मागच्याचं आणि फेड पुढच्याला, असा हा व्यवहार आहे.

अटीने काय फरक पडतो हे स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीच्या बाबतीत लवकरच दिसलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी जीसीसी या मुक्त कंपायलरला (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली आणि ती जोड बंदच ठेवायची पळवाट शोधून पाहिली. जीपीएलमुळे जमलं नाही, कोड खुला करावा लागला. २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या राउटरमध्ये लिनक्स ही जीपीएलखालची ऑपरेटिंग सिस्टिम सापडली. बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी लकडा लावला, तेव्हा कंपनीने सोर्स दिला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीचा मुक्त प्रकल्प जन्माला आला. यातल्या कोणत्याही कंपनीने मन मोठं केलं नव्हतं.

आमच्याच घरचं एक सांगतो. २००८ च्या सुमारास मी अंधेरीला एका छोट्या कंपनीत होतो. कारखान्यांतल्या मीटरचे आकडे गोळा करून पाठवणारा एक डबा आम्ही बनवायचो. आत लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, आणि बिझीबॉक्स हा छोट्या प्रोग्रॅमांचा संच, दोन्ही जीपीएल आवृत्ती २. डब्यासोबत सोर्स द्यायचा, नाहीतर मागेल त्याला तो देऊ असं किमान तीन वर्षांसाठीचं लेखी वचन द्यायचं, हे त्या लायसन्सच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे. आमच्या खोक्यात वॉरंटी कार्ड होतं, थर्माकोल होता, वचन नव्हतं. एक दिवस परदेशातल्या एका गिऱ्हाइकाच्या इंजिनीअरचं अतिशय सभ्य पत्र आलं: कृपया कर्नलचा सोर्स पाठवावा. आमच्या साहेबांनी वकिलाला बोलावलं. वकिलाचा पहिला प्रश्न, "हा माणूस माल फुकट मागतोय का?"

खरी नाचक्की पुढेच होती. सोर्स द्यायचं ठरलं, आणि तो आमच्याकडे नव्हता. म्हणजे मूळ कर्नल होतं, पण आमच्या सिरीयल पोर्टसाठी केलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ज्याने लिहिले तो मुलगा वर्षभरापूर्वी बंगळुरूला गेला होता आणि त्याचा लॅपटॉप फॉरमॅट मारून दुसऱ्याला दिला होता. डबे मात्र बाजारात विकले जात होते. कशापासून बनले ते कंपनीत कोणालाही पुन्हा बनवून दाखवता आलं नसतं. फोनाफोनी झाली. डोंबिवलीला त्याच्या घरी कपाटात एक सीडी आहे म्हणाला. आमचा ऑफिस बॉय लोकलने जाऊन त्याच्या आईकडून ती सीडी घेऊन आला. सीडीवर मार्करने लिहिलेलं, 'फायनल नवीन २'. तीन आठवडे लागले तो बिल्ड जुळवायला.

त्या इंजिनीअरला सोर्स गेला. त्याने धन्यवादाची एक ओळ पाठवली, पुढे काही नाही. पॅच नाही, दुरुस्ती नाही. पण त्या महिन्यापासून आमच्याकडे प्रत्येक रिलीजचा कोड जपून ठेवला जाऊ लागला, कोणी काय बदललं त्याची नोंद राहू लागली. जीपीएल तेही सांगतंच: फाइल बदलली तर तारखेसकट तसं लिहा. लायसन्स हा वकिलांचा विषय असं आम्ही समजत होतो. आमच्यापुरता तो घर आवरण्याचा विषय ठरला.

लिनक्सच्या जगात ही नोंदीची शिस्त आणखी पुढे गेली. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातलाय असा दावा लावला. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याने 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ नावानिशी लिहायची पद्धत पडली. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं प्रतिज्ञापत्रच ते. आज जगभर पोरं ही ओळ सवयीने टाकतात, मागे कोर्टकचेरी होती हे ठाऊक नसताना.

आता उलट बाजूचं. माझे निम्मे मित्र म्हणतील, वाटावाटी लायसन्समुळे वाढली हे थोतांड आहे. ती इंटरनेटमुळे, कोडमधले बदल नोंदवणाऱ्या २००५ च्या गिटमुळे, तो कोड नेटवर मांडणाऱ्या २००८ च्या गिटहबमुळे वाढली. आणि बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायसन्समध्ये परत द्यायची अट नव्हती, तरी ते लोक वाटतच होते. मुद्दा वजनदार आहे. १९९२ मध्ये बीएसडीवाल्यांवर एटीअँडटीच्या उपकंपनीचा खटला पडला नसता आणि १९९४ पर्यंत चालला नसता, तर आज लिनक्सच्या जागी बीएसडी असतं असं म्हणणारे जाणकार आहेत. आजच्या जावास्क्रिप्टच्या जगात बहुतेक कोड एमआयटी लायसन्सखालीच मिळतो. त्या लायसन्सची एकच मागणी मला फार आपली वाटते: नाव राहू द्या. अभंग कोणीही गावा, कुठल्याही चालीत गावा, पण शेवटची नाममुद्रा गाळून गाणारा वारकरी मी पाहिलेला नाही.

तरीही बघा. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची ऑपरेटिंग सिस्टिम फ्रीबीएसडी या बीएसडीच्याच वंशजावर बांधलेली आहे. तिचे बदल खुले करायचं बंधन सोनीवर नाही. ॲपलच्या मॅकमध्ये बॅश हा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, वर्षानुवर्षं ३.२ आवृत्तीवर थांबलेला आहे. त्यापुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ खाली आल्या, आणि २०१९ मध्ये ॲपलने मूळ शेलच बदलून दुसरं, सैल लायसन्सचं ठेवलं. कारण त्यांनी जाहीर केलेलं नाही, पण तारखा बोलक्या आहेत. अट टोचत नसती तर एवढ्या मोठ्या कंपनीने वळसा घातला नसता. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सला आधी स्वतःचं लायसन्स लावलं होतं, त्यात पैसे घ्यायला बंदी होती. १९९२ च्या सुरुवातीला त्याने ते बदलून जीपीएल लावलं आणि पुढे आपला हा सर्वात चांगला निर्णय म्हणून सांगितलं.

पैसे घ्यायची ती बंदी उठली म्हणूनच लिनक्स मुंबईत पोचला, हे आपण विसरतो. व्हीएसएनएलने इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही टेलिफोनच्या तारेवर रखडत चालणारं. त्यावरून अख्खी सीडी उतरवणं अशक्य. लिनक्स आला तो सीड्या छापून विकणाऱ्यांमुळे आणि संगणक मासिकांसोबत फुकट मिळणाऱ्या सीड्यांमुळे. पण लॅमिंग्टन रोडवर त्याच सीडीच्या शेजारी विंडोजची चोरटी सीडी तेवढ्याच पैशांत मिळत होती. सगळंच फुकट, मग मुक्तचं अप्रूप कोणाला? माझ्या मते आपण भारतीय प्रोग्रॅमर इतकी वर्षं घेणारे राहिलो, देणारे उशिरा झालो, त्याचं एक कारण तो फुटपाथ आहे. फुकट आणि मुक्त यातला फरक आपल्याला बाजारानेच शिकू दिला नाही. व्हायवातला मुलगा त्याच फुटपाथचा नातू.

याचा फटका आपल्याला कुठे बसला ते मराठी छपाईत काम केलेल्यांना विचारा. माझ्या मामाचं गिरगावात डीटीपीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात मराठी टाइप करायचं म्हणजे विकतचं फॉन्ट-पॅकेज आणि त्यासोबत संगणकाच्या मागे खोचायचा डोंगल. डोंगल हरवला की दुकान बंद. प्रत्येक पॅकेजची अक्षरं साठवायची रीत वेगळी, आणि ती गुपित. एकाने टाइप केलेला मजकूर दुसऱ्याकडे उघडला की कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हांची खिचडी. मामा गेल्यावर त्याच्या हार्ड डिस्कवर दिवाळी अंकांच्या, चाळीच्या स्मरणिकांच्या फायली निघाल्या, आणि त्या सगळ्या अशाच. मजकूर मराठी माणसाने लिहिलेला, टाइप मराठी माणसाने केलेला, आणि वाचायची किल्ली तिसऱ्याच्या खिशात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, आल्यावर साठवणीचा प्रश्न सुटू लागला हे खरं, पण त्यालाही फॉन्ट लागत होते, जे कोणीही घेऊन कुठेही बसवू शकेल असे. जीपीएलखाली आलेला गार्गी, रेड हॅट या लिनक्स कंपनीने दिलेला लोहित, मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत इंडिक्स प्रकल्पात लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून खटपट झाली, ती शक्य झाली कारण आतला कोड उघडा होता. 'मुक्त' हा फॉन्ट ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे त्यातही वाटीची अट आहे: फॉन्ट बदला, पण बदललेला फॉन्ट त्याच लायसन्सखाली द्या, आणि नुसता फॉन्ट सुटा विकू नका. मराठी विकिपीडियाचं प्रत्येक पान आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे मराठी धडेसुद्धा अशाच 'जसं घेतलं तसं द्या' अटीवर आहेत. आपल्या भाषेचा संगणकावरचा पसारा या अटीवर किती उभा आहे, याचा हिशेब आपण कधी मांडत नाही.

तर आता जनतेच्या पैशाचं. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, खड्ड्यांच्या तक्रारी; कामं तीच. ही कामं करणारं सॉफ्टवेअर टेंडर काढून लिहून घेतलं की करारात कोडची मालकी कोणाची हे कलम बहुतेकदा कोणी वाचत नाही. कंत्राटदार बदलला की पहिलं पान नव्याने. शेजारच्या शहराने तेच काम काढलं की तोच कोड पुन्हा विकत. केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण आहे, सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्या म्हणून. सरकारी ॲप्लिकेशन्सचा कोड उघडण्याचं वेगळं धोरणही त्याच वर्षीचं. कागद चांगला आहे. पण ओपन सोर्स वापरा म्हणणं एक, आणि तुम्ही लिहून घेतलेला कोड अमुक लायसन्सखालीच सुपूर्द करा असं टेंडरमध्ये घालणं दुसरं. मला दुसरं हवंय, आणि ते लायसन्स एजीपीएल, जीपीएलचंच भावंड, हवंय.

एमआयटी का नाही? कारण मग कंत्राटदार तोच कोड उचलून त्यात चार रिपोर्ट वाढवील, कुलूप घालील आणि पुढच्या महापालिकेला विकील, तेही कायदेशीर. साधं जीपीएल का नाही? कारण जीपीएलची अट कोड दुसऱ्याच्या हातात दिल्यावर लागते, आणि आता कोड हातात देतं कोण? तो सर्व्हरवर चालतो, आपल्याला फक्त पडदा दिसतो. आमटी पाठवायचीच नाही, खिडकीतून हुंगायला द्यायची. २००७ च्या एजीपीएलने ही फट बुजवली: नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो. युरोपियन युनियनने तर स्वतःचं कॉपीलेफ्ट लायसन्स लिहिलंय, आणि ते २३ भाषांत सारखंच ग्राह्य धरलं जातं. जीपीएलचा अधिकृत मजकूर आजही फक्त इंग्रजीत आहे. मराठीत कायदेशीर वजनाचं एक लायसन्स असावं ही माझी जुनी हौस आहे, पण ते बाजूला राहू दे.

आक्षेप दोन येतात. पहिला: कोड उघडा केला की चोरांचं फावेल. दाराचं कुलूप कसं बनतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी किल्ली वाटत नाही. पासवर्ड कोडमध्ये लिहून ठेवला असेल तर तो उघडा पडण्याआधीच गुन्हा आहे. उघड्या कोडमध्ये भोकं नसतात असं मी म्हणणार नाही; २०१४ मध्ये सापडलेलं हार्टब्लीड नावाचं भोक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन वर्षं पडून होतं. पण २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवला, तो सापडला कारण आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची खाज सुटली आणि त्याला आत उतरून पाहता आलं. बंद कोड असता तर त्याने मशीन रिस्टार्ट केलं असतं, आपण करतो तसं.

दुसरा आक्षेप: मग कंपन्या टेंडर भरतीलच कशाला? भरतील. विद्याविहारला फ्रॅपे नावाची कंपनी आहे, तिचं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएल ३ खाली आहे, आणि त्याखालचं फ्रेमवर्क, म्हणजे सांगाडा, एमआयटीखाली. सगळा कोड उघडा, तरी धंदा चालतो, कारण गिऱ्हाइकाला कोडपेक्षा तो चालता ठेवणारा माणूस हवा असतो. आणि ज्या आयबीएमने १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत वेगळी काढली त्याच आयबीएमने बरोबर ५० वर्षांनी, २०१९ मध्ये, रेड हॅटसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. रेड हॅटचा धंदा जीपीएलवाल्या लिनक्सभोवतीचा.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. यंदा पोरं नेटवरून फाइल उतरवून वरच्या वीस ओळी काढतही नाहीत. २०२१ मध्ये कोपायलट आला, त्यामागोमाग बाकीचे आले. लाखो लोकांचा कोड वाचून शिकलेलं यंत्र मागाल ते लिहून देतं, आणि त्याच्या माथ्यावर कोणाचंच नाव नसतं. जीपीएल कोड त्याने खाल्ला असेल तर अट लागते का, यावर अमेरिकेत खटले चालू आहेत. वाटी कोणाकडून आली हेच कळत नसेल तर रिकामी परत पाठवली म्हणून रुसायचं कोणी कोणावर?

व्हायवाचं राहिलंच. त्या मुलाने मूळ ओळी परत चिकटवल्या. जर्मन कॉमेंट तशीच राहू द्या म्हटलं. मग मी विचारलं, तुमच्या स्वतःच्या चारशे ओळींचं काय? त्यावर काय लिहिणार? हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मुलगा म्हणाला, "एमआयटी टाकतो सर, कंपन्यांना तेच आवडतं ना." तोवर एक अक्षर न बोललेली मुलगी मध्येच म्हणाली, "अरे पण शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने ॲप मागितलंय. त्यांचा भाचा म्हणे ॲप बनवून विकतो. त्याने आपलंच घेऊन आपल्यालाच विकलं तर?"

मी मार्कांच्या कागदावर सही केली. पुढचा गट दारात उभा होता. ही चौघं जिन्यातून उतरताना भांडत होती ते दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.